मेंदीच्या कुंपणाला तीन हाका

आमचे घरमालक कात्रीला कात्री म्हणत नसत. हत्यार म्हणत. विळी, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळी हत्यारंच. "मॅडम, हत्यार पायरीवर ठेवायचं नाही," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. कळवणहून बदली होऊन मी नाशकात आले होते, दारात टेम्पो उभा होता, आणि हात मोकळे करायला म्हणून मी विळी जिन्याच्या पायरीवर टेकवली होती. मी ती निमूटपणे उचलली. ती आत ओट्यावर गेलेली बघूनच ते हलले. म्हातारा विक्षिप्त दिसतोय, असं माझं मत झालं. पुढच्या तीन वर्षांत त्या मताला धक्का लागेल असं त्यांनी फारसं काही केलं नाही.

गंगापूर रोडवरून आत वळलं की जुन्या बैठ्या बंगल्यांची एक सोसायटी आहे. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या लोकांनी मिळून ती बांधलेली. आता निम्म्या बंगल्यांच्या इमारती झाल्यात. घरमालकांचा, म्हणजे काकांचा, बंगला टिकून होता. वर एक मजला चढवला होता, तिथे मी भाडेकरू. खाली ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. ती दर रविवारी सकाळी फोन करायची आणि काका तो फोन उभ्याने घ्यायचे. माझाही वर एकटीचाच संसार. एका माणसाचा कुकर वर शिट्टी द्यायचा, एका माणसाचा खाली. कधी कधी दोन्ही एकदम वाजायचे, तेव्हा मला उगाच बरं वाटायचं.

बाग त्यांनी नेटकी ठेवली होती. तिन्ही बाजूंचं मेंदीचं कुंपण दोरी लावून कापलेलं, वर तांब्या ठेवला तर हलणार नाही असं. चौथ्या, पूर्वेच्या बाजूला मात्र मेंदी बेफाम वाढली होती. माझ्या बाल्कनीपर्यंत आलेली, आतून काटेरी, रस्त्याच्या टोकाला विजेच्या वायरीला भिडलेली. तीन बाजूंनी दाढी करून माणसाने एक गाल तसाच सोडावा, तसा तो बंगला दिसायचा. त्या मेंदीपलीकडे शेजारचा बंगला होता. त्याला कुलूप होतं. तिथले गृहस्थ वारलेले आणि मुलगा परदेशात, एवढं मला कामवाल्या बाईंकडून कळलं होतं.

"या दोघांचं बोलणं नव्हतं हो ताई," बाईंनी भांडी विसळता विसळता सांगितलं. "लय वर्षं. एकाच बसनी कामाला जायचे, पर एक पुढं बसायचा, एक मागं."

काकांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत भिंतीवर एक फळी होती. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला आणि त्या आकारावर ते हत्यार टांगलेलं. काम संपलं की सगळी हत्यारं आपापल्या आकारात परत गेलीच पाहिजेत. विमानात एक पाना विसरला तर काय होतं, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं होतं की मी ऑफिसातल्या कपाटातली पंचिंग मशीनसुद्धा मोजायला लागले. एकदा छाटणीची छोटी कात्री फळीवर आली नाही. काकांनी अख्खी बाग गुडघ्यांवर बसून हातांनी चाचपली. मी वरून म्हटलं, "काका, उद्या उजेडात बघा." ते म्हणाले, "उद्या सकाळी तिथे कुणाचा पाय पडला तर?" कुणाचा पडणार होता? पेपरवाला फाटकाबाहेरून पेपर फेकायचा. शेवटी कात्री त्यांच्याच पँटच्या मागच्या खिशात सापडली. तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी एका वहीत काहीतरी लिहिलं आणि स्वतःला दोन दिवस बागकामाची मनाई केली. मनाई खरंच पाळली. दोन्ही दिवस व्हरांड्यात खुर्ची टाकून बागेकडे बघत बसले.

मेंदी कापण्याचा सोहळा दर तीन महिन्यांनी असायचा. आदल्या दिवशी ते कुंपणाच्या फटीफटीत डोकावून घरटी शोधायचे. बुलबुलाचं घरटं सापडलं की त्या जागी लाल चिंधी बांधायची. चिंधीच्या हातभर अंतरात कात्री जायची नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कापलेल्या कुंपणाला मध्येच एखादा झुबका राहायचा आणि येणारे-जाणारे हसायचे. कापायच्या दिवशी पायात बूट, हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचा असतो तसा पण बिनरंगी काचेचा गॉगल. घोडीवर चढायचं तर शेवटच्या दोन पायऱ्या चढायच्या नाहीत. पाऊस पडून गेला असेल तर काम रद्द.

आणि कात्री लावण्याआधी हाक.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दचकलेच. रविवारची सकाळ, मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, आणि खालून काका कुणावर तरी ओरडले, "हात?" रस्त्याच्या बाजूच्या कुंपणाशी ते कात्री उघडून उभे होते. पलीकडून दूधवाल्याचा आवाज आला, "बाहेर!" मग कात्री चालली. चार पावलं सरकले, पुन्हा "हात?" आता दूधवाला पुढे गेला होता. काका थांबले. पुन्हा हाक. मग तिसरी. मग कात्री खाली ठेवली, फाटक उघडून रस्त्यावर गेले, कुंपणाची पलीकडची बाजू बघितली, परत आले आणि कामाला लागले. एका कुंपणाला त्यांनी असे पाच-सहा फेरे घातले असतील. मला हसू आवरेना.

त्या पत्र्याच्या खोलीच्या दारावर या सगळ्याचे नियम टाइप करून, वर प्लास्टिक लावून चिकटवलेले होते. सातवा मला अजून पाठ आहे: 'दाट कुंपण कापताना पलीकडील व्यक्तीस हात बाहेर असल्याबद्दल विचारावे. उत्तर आल्याखेरीज हत्यार चालवू नये. तीन हाकांस उत्तर न आल्यास हत्यार खाली ठेवून पलीकडे जाऊन पाहावे.'

"हे कारखान्यातले नियम का?" मी एकदा विचारलं.

"पहिले सहा. सातवा आम्ही केला."

"आम्ही म्हणजे?"

"पलीकडचे आणि मी," ते म्हणाले आणि कात्रीला तेल घालायला लागले.

मी विचारलं, मग पलीकडची मेंदी का नाही कापत. ते म्हणाले, "तिकडून उत्तर येत नाही." कुलूपबंद घराच्या आवारातून उत्तर कसं येणार? मी मनात म्हटलं, नियमाचं भूत म्हणतात ते हेच.

तिसऱ्या उन्हाळ्यात वीज मंडळाचा वायरमन आला. माझ्या मजल्याला जाणारी वायर मेंदीत पार गुरफटली होती. खांबावरून उतरून तो मला म्हणाला, "ताई, हे पावसाळ्याच्या आत काढा. ओली फांदी वायरीला लागली ना, खाली हात लावणारा गेलाच समजा." मग काकांकडे वळून म्हणाला, "बाबा, कापायच्या दिवशी मला फोन करा, मी लाइन बंद करतो. तुम्ही नका चढू." काका "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले. त्यांना शिस्तीची माणसं आवडत.

मी लगेच मखमलाबादचा एक माळी बोलावला. द्राक्षाच्या छाटणीला जाणारा माणूस, हात सराईत. त्याने एकदा मेंदीकडे वर बघितलं आणि मोटरसायकलवरून पेट्रोलचं मशीन सोडायला लागला. "हे काय, अर्ध्या तासात साफ करून देतो. तुम्ही चहा टाका."

"पलीकडे कोण उभं राहणार?" काकांनी विचारलं.

"पलीकडं कशाला? मशीन आरपार जातं."

"म्हणूनच विचारतोय."

"अहो काका, तिकडं कोणीच नाय!"

"तुम्ही बघून आलात?"

माळ्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. तो मशीन पुन्हा बांधून निघून गेला आणि माझा पारा चढला. मी जरा जोरातच म्हणाले, "काका, वायर माझ्या घराची आहे. शॉक बसला तर मला बसणार. तुम्हाला उत्तरच हवंय ना? मी उभी राहते पलीकडे. मी देते उत्तर."

त्यांनी माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं. मला वाटलं, आपण जास्त बोललो. मग म्हणाले, "बूट आहेत तुमच्याकडे?"

रविवारी सकाळी वायरमनने लाइन बंद केली, घोडी लावून वायरीपाशी गेलेल्या फांद्या त्यानेच काढल्या आणि तो गेला. मग मी ऑफिसच्या स्पोर्ट्‌समध्ये मिळालेले बूट, काकांचा दुसरा गॉगल आणि बोटांना लांब होणारे मोजे घालून शेजारच्या आवारात शिरले. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती गंजलेली कडी होती. आत गुडघाभर गवत, एक चिकूचं झाड आणि व्हरांड्याच्या चार पायऱ्या. काकांनी दोन्ही टोकांना काठ्या रोवून माझ्या खांद्याच्या उंचीवर दोरी ताणली होती. माझं काम सोपं होतं. माझ्या बाजूची सुटी फांदी ओढून काढायची, हाक आली की हात काढायचे आणि उत्तर द्यायचं.

"हात?"

"बाहेर!"

मग कात्रीचा कचकच आवाज. जाड फांदी आली की करवतीचा. मग मेंदीतून थोडी धूळ, थोडा उग्र वास, आणि पुन्हा "हात?" सुरुवातीला मला पोरखेळ वाटला. पण मेंदी खरंच इतकी दाट होती की दोन फुटांवरचा माणूस दिसत नव्हता. एकदा मी कोपरापर्यंत हात आत घालून अडकलेली फांदी सोडवत होते तेव्हा हाक आली, आणि हात काढताना माझ्या लक्षात आलं की कात्री नेमकी तिथेच लागणार होती. त्यानंतर मी उत्तर जरा मनापासून द्यायला लागले. ताल बसला. खरं सांगायचं तर, कोणीतरी दर मिनिटाला आपली चौकशी करतंय, असं माझ्या बाबतीत कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

निम्मं कुंपण झालं आणि माझा फोन वाजला. साहेबांचा. सुट्टीच्या दिवशी साहेबांना फाइल आठवते. मी मोजे काढले आणि बोलत बोलत चिकूच्या झाडामागे गेले, तिथे रेंज बरी होती. मागून "हात?" ऐकू आलं. साहेब बोलत होते, म्हणून मी कुंपणाकडे एक बोट वर केलं, एक मिनिट अशा अर्थाने. मेंदीला बोट दाखवलं मी! दुसरी हाक आली. तिसरी जरा चिरकी आली. आता संपवतेच म्हणून मी साहेबांना "हो सर, हो सर" करत होते, तोवर फाटकाची कडी खाडकन वाजली.

काका धावत आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पायात जड बूट, स्वतःच्या फाटकातून बाहेर, रस्त्याने कोपऱ्यापर्यंत, तिथून आत. गॉगल कपाळावर सरकलेला. ते माझ्याकडे बघतच नव्हते. कुंपणाच्या कडेकडेने खाली बघत चालले होते, गवत पायाने बाजूला सारत, "मॅडम? मॅडम?" करत. जमिनीवर शोधत होते ते मला.

"काका, मी इथे आहे," मी म्हणाले. फोन अजून कानाला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, तशी मी तयारीही केली. पण ते मागे सरकत गेले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मोजे काढायला गेले तर निघेनात. मी ओढून काढले. बाटलीतलं पाणी दिलं. लाजेने मला मेल्यासारखं झालं होतं.

"बावीस वर्षांनी बसलो या पायरीवर," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पलीकडचे कारखान्यात तपासनीस होते. काकांनी केलेल्या एका भागावर त्यांनी लाल टॅग लावला, शिकाऊ पोरांच्या देखत. नापास. "टॅग बरोबर होता," काका म्हणाले. "भोक मोठंच पडलं होतं. पण मला एकट्याला बाजूला बोलावून सांगता आलं असतं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. त्यांनीही केलं. ते माझ्याहून हट्टी."

"आणि मेंदी?"

"मेंदीला काय माहीत भांडण? ती वाढायची. तारखा आधीपासून ठरलेल्या होत्या. त्या दिवशी सकाळी ते त्यांच्या बाजूने यायचे, मी माझ्या. हात? बाहेर. तेवढंच. वर्षातून चार वेळा." त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. "पण त्या एका शब्दावरून मला सगळं कळायचं. सर्दी झालीय. कवळी बसवलीय. त्यांची बायको गेली त्या वर्षी ते बाहेर, बाहेर असं दोनदा म्हणायचे. कोणीतरी ऐकलं नाही तर, म्हणून असेल."

त्यांनी बाटलीला झाकण लावलं.

"शेवटच्या वेळी मी तीन हाका मारल्या. उत्तर नाही. मला वाटलं, संपलं, आता यांनी हेही बोलणं बंद केलं. इतका राग आला मला. नियमाप्रमाणे हत्यार खाली ठेवलं. घरात गेलो. चहा केला." त्यांनी समोर मेंदीच्या बुंध्याकडे बोट केलं. "ते तिथे पडले होते. पाऊण तासाने त्यांच्या कामवालीने बघितलं. डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगतात. अर्धा नियम मी पाळला, मॅडम. अर्धाच."

मी त्यांना म्हटलं की तुम्हाला कसं कळणार होतं. ते म्हणाले, "बघायला गेलो असतो तर कळलं असतं." ज्या नियमाला मी तीन वर्षं हसले होते, त्याच्यासाठी हा माणूस आत्ता माझ्या एका फोनपायी रस्त्यावरून धावत आला होता. मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं आणि घाईने विषय बदलला. "पुढच्या वेळी फोन आला तर आधी बाहेर म्हणायचं. मग बोलायचं."

तासाभराने काम पुन्हा सुरू झालं. पण स्वतःच्या बाजूला परत गेल्यावर काकांनी दोरी सोडली आणि खाली कमरेशी बांधली.

"एवढी खाली?" मी ओरडून विचारलं. "मरेल की!"

"मेंदी मरत नाही. बुंध्यापासून फुटते."

दुपारपर्यंत आम्ही कापत राहिलो. माझ्यासमोर हिरवी भिंत हळूहळू बसत गेली आणि मग काकांचं टक्कल दिसलं, गॉगल दिसला, घामाने भिजलेला सदरा दिसला. शेवटच्या हातभर कुंपणाशी आम्ही समोरासमोर उभे होतो. त्यांनी कात्री उघडली, माझ्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "हात?"

"बाहेर," मी म्हणाले. मला हसू आलं नाही.

पुढच्याच वर्षी माझी इगतपुरीला बदली झाली. निघायच्या दिवशी काकांनी माझ्या गॅसची नळी तपासली, टेम्पोवाल्याला दोर नीट बांधायला लावला आणि विळी वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः माझ्या हातात दिली. इगतपुरीत मला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खाली सिमेंटची भिंत. सुरुवातीला मी दर रविवारी त्यांना फोन करायचे, मग महिन्याने, मग सणाला. माणूस असाच असतो, आणि मीही तशीच निघाले.

मागच्या हिवाळ्यात कामासाठी नाशकात आले होते. रविवार होता, सकाळी वेळ होता, म्हणून पेढे घेऊन तिकडे गेले. रिक्षा कोपऱ्यावर सोडली. लांबूनच दिसलं की पूर्वेची मेंदी दोरी लावल्यासारखी सरळ आहे, कमरेइतकी. पलीकडच्या बंगल्याला तेच कुलूप, आवारात तेच गवत. रस्त्यावरूनही सगळं स्वच्छ दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं.

काका अलीकडे उभे होते, बूट, मोजे, गॉगल घालून. पाठीत वाकले होते. त्यांनी कात्री उघडली आणि मेंदीवरून त्या रिकाम्या आवाराकडे बघत हाक मारली, "हात?"

थांबले. पुन्हा मारली. मी हातात पेढे घेऊन रस्त्यावर उभी होते. 'बाहेर' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता, पण त्यांनी तो माझ्याकडे मागितला नव्हता. तिसरी हाक झाली.

मग त्यांनी कात्री जमिनीवर ठेवली. फाटकाकडे आले. मला पाहून त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी हात वर केला आणि "एक मिनिट हं, मॅडम," म्हणाले. माझ्या समोरून ते कोपऱ्यापर्यंत गेले, भिंतीला धरत पलीकडच्या फाटकाशी पोचले, कडी काढली. गवत पायाने बाजूला सारत मेंदीच्या बुंध्याशी, जिथे त्यांनी मला बोट करून दाखवलं होतं तिथे, वाकून नीट बघितलं. मग परत आले आणि कात्री उचलली.